अफगाण चर्च : कोरलेली नावे आणि न कोरलेली नावे

मुंबईत कुलाब्याच्या दक्षिण भागात उंच मनोऱ्याचे एक दगडी मंदिर आहे. शुभवर्तमानकार संत योहान यांना ते अर्पण केलेले असले, तरी लोक त्याला 'अफगाण चर्च' म्हणूनच ओळखतात. १८४७ साली त्याची कोनशिला बसली आणि १८५८ साली त्याचे पवित्रीकरण झाले. अँग्लिकन परंपरेतील हे मंदिर आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे. १८३८ ते १८४३ या काळात सिंध व अफगाणिस्तानच्या मोहिमांत मरण पावलेल्या सैनिकांचे हे स्मारक होय.

ही युद्धे स्वसंरक्षणाची नव्हती. रशियाच्या भीतीपोटी ईस्ट इंडिया कंपनीने काबूलच्या गादीवर आपल्या मर्जीतील शाह शुजाला बसविले. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना सुमारे ४,५०० सैनिक व १२,००० नोकरचाकर आणि कुटुंबीय बर्फात सापडले. त्यांतील फारच थोडे वाचले. या सैनिकांपैकी बहुतांश भारतीय शिपाई होते. पुढच्याच वर्षी मियानीच्या लढाईनंतर सिंध प्रांत कंपनीने गिळंकृत केला.

मंदिरातील स्मृतिलेख आपण लक्षपूर्वक वाचला पाहिजे. अधिकाऱ्यांची नावे वेदीजवळच्या भिंतींवर कोरली आहेत. कनिष्ठ हुद्देदार व साधे शिपाई मात्र इतके होते, की त्यांची नावे कोरणे शक्य झाले नाही, असे तो लेख सांगतो. मरणाने सर्वांना समान केले, भिंतीने पुन्हा पायऱ्या निर्माण केल्या. ज्यांच्या भूमीत हे युद्ध झाले, त्या अफगाण, बलुची व सिंधी मृतांचा तर तेथे उल्लेखही नाही.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. कंपनीच्या मुंबई फौजेत कोकण व देशावरील अनेक तरुण होते. १८४० साली बलुचिस्तानातील काहान येथील वेढा या फौजेच्या पाचव्या पलटणीने कित्येक महिने झुंजून सोसला. त्या पलटणीचा वारसा आज मराठा लाइट इन्फंट्री सांगते. परक्या सत्तेच्या पगारावर, परक्या भूमीत, परक्या हेतूसाठी मेलेल्या या माणसांना कोणत्या शब्दांत आठवावे?

हा प्रश्न आज जगभर विचारला जात आहे. २०२० साली ब्रिस्टलमध्ये गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा जमावाने पाडला आणि त्यानंतर तेथील कॅथीड्रलमधील त्याच्या स्मृतीचा मजकूर झाकण्यात आला. २०२१ साली चर्च ऑफ इंग्लंडने अशा वादग्रस्त स्मारकांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. पोप फ्रान्सिस यांनी २०२२ साली कॅनडात मूळनिवासींची क्षमा मागितली, तर २०२३ साली व्हॅटिकनने वसाहतवादाला आधार देणारा 'शोधाचा सिद्धान्त' स्पष्टपणे नाकारला.

मग अफगाण चर्चमधील शिलालेख हटवावा काय? आमच्या मते, नाही. 'नावे कोरता आली नाहीत' ही कबुली त्याच दगडावर आहे. दगड गेला तर साक्षही जाईल. त्याऐवजी शेजारी मराठी, हिंदी, इंग्रजी व फारसी भाषांत एक नवा फलक लावावा आणि युद्ध का झाले, कोण मेले, कोणाची नोंद राहिली नाही, हे त्यावर सांगावे.

हा न्याय आपण स्वतःलाही लावला पाहिजे. वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चांमध्ये पोर्तुगीज मानकऱ्यांच्या कबरींचे लेख आजही वाचता येतात. १७३९ च्या वेढ्यात दोन्ही बाजूंनी पडलेल्या सामान्य माणसांची नावे तेथे शोधून सापडत नाहीत.

दर २ नोव्हेंबरला आपण सर्व मृतांसाठी प्रार्थना करतो. ज्यांची श्रद्धा केवळ परमेश्वरालाच ठाऊक आहे, त्यांचेही स्मरण मिस्साच्या एका प्रार्थनेत होते. त्या प्रार्थनेत हुद्दा विचारला जात नाही. भिंतीवर जागा नसेल, पण आपल्या प्रार्थनेत त्या शिपायांना व त्यांच्या शत्रूंना जागा असलीच पाहिजे.