गजकर्णावर कडुलिंब, हळद, लसूण: रील्समधले उपाय खरंच चालतात का?

पावसाळा सुरू झाला की रील्सवर गजकर्णाचे घरगुती उपाय फिरायला लागतात. कुणी कडुलिंबाचा लेप सांगतं, कुणी लसणाची पेस्ट. 'नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य ठरलेलं. यात तथ्य किती?

लोक झाडपाल्याकडे का वळतायत?

कारण नेहमीच्या औषधाने गजकर्ण जात नाही, गेलं तरी परत येतं. यामागे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी मोठं कारण आहे. २०२० मध्ये तिला हे नाव मिळालं. टर्बिनाफिन हे एकेकाळचं हुकमी औषध तिला अनेकदा जुमानत नाही. २०२३ मध्ये तिचे रुग्ण न्यूयॉर्कमध्येही सापडले.

त्यात भर स्टिरॉइड मिसळलेल्या क्रीमची. खाज दोन दिवसांत थांबते, पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी पसरत राहते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडची काही क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी मेडिकलमधून थेट ट्यूब आणायची सवय गेलेली नाही.

मग वनस्पतींमध्ये काहीच दम नाही?

आहे. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी खातो त्या टाकळ्याचं एक संस्कृत नावच 'दद्रुघ्न' आहे, म्हणजे गजकर्ण मारणारा. एकोणिसाव्या शतकात 'गोवा पावडर' गजकर्णावर लावली जायची. ती मूळची ब्राझीलमधल्या झाडाची, पोर्तुगीजांमुळे गोव्यात आलेली. तिच्यातल्या क्रायसारोबिनचा गुण यायचा, पण त्वचा लाल होऊन भयंकर आग व्हायची. म्हणजे नैसर्गिक असूनही साइड इफेक्ट होताच.

टी ट्री तेलाची तर रीतसर चाचणी झाली आहे. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात पायाच्या बुरशीच्या १५८ रुग्णांवर ती झाली. ५० टक्के तेलाचं द्रावण लावलेल्यांपैकी तपासणी झालेल्या ६४ टक्के लोकांची बुरशी गेली. नुसतं द्रावण लावलेल्यांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होतं. पण तेल लावलेल्या काही जणांच्या त्वचेला दाहही झाला.

अडतं कुठे?

प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत बुरशी मरणं आणि तुमच्या मांडीवरची मरणं यात फरक आहे. औषध त्वचेच्या थरात उतरावं लागतं, पुरेशा प्रमाणात टिकावं लागतं. पाल्याच्या लेपात नेमकं किती द्रव्य आहे, हे कुणी मोजलेलं नसतं.

एरंडेलाचं उदाहरण घ्या. त्यापासून अन्डेसिलेनिक ॲसिड बनतं आणि ते बुरशीवर चालतं. पण ते कारखान्यात प्रक्रिया करून मिळवावं लागतं. बाटलीतलं एरंडेल चोळून तो परिणाम मिळत नाही.

तुम्ही काय करायचं?

कच्चा लसूण त्वचेवर बांधू नका, त्याने भाजल्यासारखे फोड येतात. डॉक्टरांना दाखवा, आधी कोणती क्रीम लावली तेही सांगा. खाज थांबली तरी कोर्स पूर्ण करा. टॉवेल वेगळा ठेवा आणि घरात आणखी कुणाला चट्टे असतील तर सगळ्यांचे उपचार एकदमच सुरू करा.

पुढचं औषध एखाद्या झाडातून येईलही. पण ते चाचणीतून यावं लागेल, रीलमधून नाही. तोवर लेपावर घालवलेला प्रत्येक आठवडा बुरशीला पसरायला मिळतो, तुमच्या अंगावर आणि घरच्यांच्याही.