वाघोबाच्या करारात आपला हिस्सा कोणता?

जुन्नर, शिरूर, आंबेगाव, संगमनेर या पट्ट्यात आता बिबट्याची बातमी नाही असा आठवडा जात नाही. चर्चा मात्र ठरलेली: पिंजरे वाढवा, गोळ्या घाला, नाहीतर उचलून लांब सोडा. या चर्चेत वारल्यांची एक जुनी गोष्ट आणावी असं मला वाटतं. ती का आणावी, ते मुद्दे घालून सांगतो.

१. आधी गोष्ट. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, गाभा साधारण असा. एका बाईला मुलगा झाला. एरवी तो चारचौघांसारखा, पण मनात आलं की वाघ व्हायचा आणि गावाची गुरं मारायचा. गाव चिडलं, त्याला मारायला निघालं. आई मध्ये पडली आणि तिनं दोन्हीकडचं ठरवून दिलं. गावानं त्याला बसायला जागा द्यायची, वर्षाकाठी कोंबडं-बकरं द्यायचं, जिवाला हात लावायचा नाही. त्यानं रानात राहायचं आणि माणसाच्या वाटेला जायचं नाही. तोच वाघोबा. या गोष्टीत वाघ कुणाचा लाडका नाही आणि निसर्गावर प्रेम करा असा उपदेशही नाही. भांडण लागलं होतं, ते मिटवायला अटी ठरल्या, एवढंच आहे. शहरातली माणसं आदिवासींच्या गोष्टींत हळवेपणा शोधतात. इथं तो नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट कारभाराच्या कामाची आहे.

२. ही गोष्ट संग्रहालयात गेलेली नाही. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या तीन जिल्ह्यांत अभ्यासकांनी वाघोबाची दीडशेहून जास्त ठाणी नोंदवली. तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. कुठं शेंदूर फासलेला दगड, कुठं लाकडाची फळी, तिच्यावर वाघ आणि वर चंद्र-सूर्य कोरलेले. दिवाळीच्या तोंडाशी बाकीचा महाराष्ट्र वसुबारस करतो, तेव्हा तिकडे वाघबारस असते. अकोले तालुक्याच्या डोंगरात ठाकर आणि महादेव कोळीही ती पाळतात. पट्टेरी वाघ या भागातून केव्हाच गेला. त्याच्या जागेवर बिबट्या बसला आणि मान त्याला मिळाला.

३. पूजा केली म्हणजे हल्ला होत नाही, असं कुणी म्हणत नाही. पाड्यावरचा माणूसही म्हणत नाही. शेळी जाते, कधी माणूसही जखमी होतो. फरक त्यानंतर पडतो. तिथं पहिला प्रश्न निघतो तो ‘आपल्याकडून काही राहिलं का?’ हा. ‘जनावर इथं आलंच कसं?’ हा प्रश्न तिथं फारसा निघत नाही, कारण ते इथलंच आहे हे गोष्टीनं आधीच ठरवलंय. सरकारी भाषेत ज्याला सहजीवन म्हणतात त्याची पहिली पायरी हीच. ती चढायला कार्यशाळा भरवावी लागत नाही.

४. आता आपली, म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राची गोष्ट. तिच्यात जनावर जंगलातलं, गावात आलं की ते घुसलेलं, म्हणून धरायचं आणि परत जंगलात सोडायचं. ऐकायला रास्त वाटते. जुन्नर वनविभागात ही गोष्ट खरी धरून एके काळी मोठ्या प्रमाणावर बिबटे धरले आणि लांबच्या रानात सोडले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पुढं हिशेब मांडला. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. धरून सोडण्याचा सपाटा सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, ती सरासरी १७ वर गेली. हल्ले वाढले ते जिथं बिबटे सोडले त्या रानांच्या आसपासही. कारण समजायला अवघड नाही. बिबट्याला आपला मुलूख ठाऊक असतो: कुठं पाणी, कुठं आडोसा, कुठल्या वस्तीवर कुत्री मोकाट, माणसं केव्हा उठतात. त्याला उचलून परक्या मुलखात टाकलं की तो बिथरतो, घराकडं निघतो, वाटेत अनोळखी वस्त्यांत शिरतो. इकडं त्याची रिकामी जागा दुसरा बिबट्या धरतो, आणि त्याला गावाची सवय नसते.

याच अभ्यासकांनी अकोले परिसरातल्या शेतशिवारात कॅमेरे लावले. जंगल जवळपास नाही, चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं, आणि तिथं शंभर चौरस किलोमीटरमागं साधारण पाच प्रौढ बिबटे निघाले. त्यांच्या आहारात वजनानं सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा, सुमारे ३९ टक्के. म्हणजे हे बिबटे वाट चुकलेले नव्हते. उसात जन्मलेले, उसात वाढलेले, तिथले रहिवासी होते. मग ‘परत जंगलात सोडा’ या मागणीला अर्थ काय उरतो? कुठलं जंगल? मला विचाराल तर या दोन गोष्टींत अंधश्रद्धा म्हणायची ती आपलीच. वारल्यांची निदान तपासात टिकते.

५. एक नवी गोष्टही या मुलखात तयार झाली. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्कर बिबट्या काढला, गळ्यात पट्टा बांधला आणि माळशेजला सोडला. तो चालत निघाला. हायवे आणि लोहमार्ग ओलांडत, खाडी पोहून, सव्वाशे किलोमीटरच्या घरात अंतर कापून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाशी पोचला, आणि या सगळ्या वाटचालीत त्यानं कुणावर हल्ला केला नाही. त्याला ‘आजोबा’ नाव पडलं आणि २०१४ साली त्या नावाचा मराठी सिनेमाही आला. सिनेमा कसा होता ते सोडा. पट्ट्यातल्या सिग्नलचे ठिपके नकाशावर पाहून जे कळलं नसतं ते त्या नावानं कळलं, की हा आपल्या अंगणातून गेला आणि आपल्याला पत्ताही लागला नाही.

६. आता याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. गोव्यात वाघाला देव मानणारी ठिकाणं आहेत, सत्तरी-सांग्याकडं अजून पूजा होते. त्याच सत्तरीत, म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीत, जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विषानं. वाघानं गुरं मारली होती आणि त्या रागातून हे झालं, असं तपासात पुढं आलं. देव होता, मग हे कसं घडलं? मला यात श्रद्धा आटल्याचं दिसत नाही. गोष्टीतला करार दोन बाजूंचा होता. आता मध्ये तिसरा पक्ष आला आहे, सरकार. वाघ सरकारचा झाला, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याचं रक्षण सरकारकडं गेलं. मेलेली गाय मात्र एकट्या मालकाचीच राहिली. ज्यानं वाघाची मालकी घेतली त्यानं वाघाच्या आईची जबाबदारीही घ्यायला हवी होती. ती मध्ये पडली होती, पंचनाम्याला उशिरा आली नव्हती.

७. मग आजच्या करारात आपल्या बाजूची कलमं कोणती? चार सांगतो, सगळी आधीपासून लोक मागतायत तीच.

पहिलं, शेतीला थ्री फेज वीज दिवसा द्या. रात्री दहानंतर लाइट येणार म्हटल्यावर माणूस हातात बॅटरी घेऊन दारं धरायला उसात उतरतो. वाकलेला, एकटा, पाण्याच्या आवाजात बाकी काही ऐकू न येणारा. बिबट्याच्या समोर माणसाला असं उभं करायचं वेळापत्रक वीज खात्यानं आखलंय, बिबट्यानं नाही. शिरूरच्या पिंपरखेडमध्ये लहान मुलं गेली, त्यानंतर २०२५ मध्ये लोक खिळे बसवलेले पट्टे गळ्यात घालून शेतात जात होते. हे चित्र पाहूनही फीडरचं वेळापत्रक फाइलीत अडकत असेल तर बोलणंच खुंटलं.

दुसरं, भरपाई. शेळी गेली की मालकानं धड न हलवता वाट पाहायची, वनरक्षक येणार, पंचनामा होणार, मग कागद फिरणार. गरिबाच्या घरातली दुभती शेळी म्हणजे महिन्याचा किराणा. पैसा वेळेत हातात पडला तर विषाची बाटली फडताळातच राहते.

तिसरं, ऊसतोड मजुरांच्या कोप्या. फडाच्या कडेला, पाचटाच्या भिंती, दार नाही, उघड्यावर शौचाला जाणारी पोरं. सगळ्यात जास्त धोका त्यांना आणि ग्रामसभेत त्यांचं मतही नाही, कारण ते दुसऱ्या जिल्ह्याचे. पक्का निवारा, उजेड आणि संडास हे कारखान्यानं द्यायचं. त्याशिवाय गाळप परवाना नको.

चौथं, उकिरडे आणि मटणाच्या दुकानांमागची घाण. तिच्यावर कुत्री पोसतात, कुत्र्यांवर बिबटे. हे काम ग्रामपंचायतीचं आहे, वनखात्यावर ढकलू नये.

८. ऊसतोडीत बछडी सापडतात तेव्हा काय होतं, ते बघण्यासारखं असतं. पूर्वी ती उचलून नेत आणि जन्मभर पिंजऱ्यात ठेवत. आता जुन्नरकडं वनखात्याची माणसं तपासणी करून, संध्याकाळ झाली की बछडी क्रेटमध्ये घालून त्याच फडात ठेवतात आणि मागं सरतात. जवळ कॅमेरा असतो. रात्री आई येते, क्रेट पंजानं पाडते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. त्या रात्रीपुरती तोड थांबवावी लागते आणि मजूर व शेतकरी ती थांबवतात. रोजगार बुडतो तरी थांबवतात, कारण पिल्लं गमावलेली मादी फडाभोवती घिरट्या घालत राहते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. कुठल्याही पूजेशिवाय झालेला हा वाघोबाचाच व्यवहार आहे. त्या बुडालेल्या रात्रीची मजुरी कुणी द्यायची, हे मात्र कुठल्या नियमात मला दिसलेलं नाही. द्यायला हवी.

९. शेवटची सूचना. बिबट्याच्या पट्ट्यातल्या गावांनी वाघबारसेच्या दिवशी ग्रामसभा घ्यावी. वर्षात किती जनावरं गेली, किती पंचनामे झाले, किती पैसे आले, कुणाचे राहिले, रात्रीची वीज किती दिवस होती, हे सगळं तिथं मोठ्यानं वाचावं. वनपाल, महावितरणचा अभियंता आणि कारखान्याचा शेतकी अधिकारी समोर बसलेले असावेत. मंडप, फ्लेक्स, पाहुण्यांचे सत्कार नकोत. आदिवासींच्या सणाचा सरकारी कार्यक्रम करण्याची आपली सवय जुनी आहे आणि ती वाईट आहे. जिथं ठाणं आहे तिथली पूजा तिथल्या भगतानं त्याच्या रीतीनं करावी. सभा नंतर भरवावी, आणि ज्याचे पैसे थकलेत त्याला आधी बोलू द्यावं.