बांगडीचं माप: आधी ३.१४ ने भागा, मग विका

ऑनलाइन बांगड्या विकताय? मग ‘मनगट केवढं?’ हा प्रश्न बंद करा. ताईंना अंगठा करंगळीकडे दुमडून हाताच्या सगळ्यात रुंद भागाभोवती टेप लावायला सांगा. समजा परीघ ७.४ इंच आला. भागिले ३.१४, व्यास २.३६ इंच. इथेच मी फसलो होतो! २.४ ची बांगडी पाठवली, ती हातात गेलीच नाही. परतीचं कुरिअर माझ्या खिशातून.

बांगडीच्या मापात टिंबानंतरचा आकडा म्हणजे इंचाचे सोळावे भाग. २.४ म्हणजे फक्त सव्वादोन इंच. ०.३६ गुणिले १६, जवळपास ६. म्हणजे माप २.६.

माझं स्पष्ट मत आहे: गिऱ्हाईक अंदाजाने नाही, हिशेबाने टिकतं. आजच घरातल्या एका हातावर करून बघा.