केमो सुरू असताना काढा, गुळवेल घ्यावी का?

हळद, कडुनिंब, लिंबूपाणी अशा आहाराने पत्नीने चौथ्या टप्प्यातल्या कॅन्सरवर मात केली, असा दावा माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये केला. त्यावर टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांनी पत्रक काढलं: हे उपाय सिद्ध झालेले नाहीत, उपचार लांबवू नका.

पिंपरी-चिंचवडमधल्या अनेक घरांतला प्रश्न मात्र वेगळा असतो. तिथे केमो सोडायची नसते. मळमळ, थकवा, तोंड येणं कमी व्हावं म्हणून जोडीला काढा, गुळवेलीची गोळी किंवा हळदीची कॅप्सूल सुरू होते. 'झाडपाल्याचंच तर आहे, त्याने काय अपाय होणार?'

अपाय होऊ शकतो का?

हो. केमोच्या अनेक औषधांवर यकृतात प्रक्रिया होते. काही वनस्पतींमुळे तिचा वेग बदलतो. उदाहरणार्थ, 'सेंट जॉन्स वर्ट' या वनस्पतीमुळे इरिनोटेकॅन या केमोच्या औषधापासून शरीरात तयार होणाऱ्या सक्रिय घटकाचं रक्तातलं प्रमाण घटतं.

गुळवेलीचं काय? सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. हा अभ्यास केमोच्या रुग्णांवरचा नव्हता. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वनस्पती वापरली गेली असावी, असा त्यांचा मुद्दा होता. पण पाकिटात नेमकं काय आहे, हे रुग्णाला तरी कुठे कळतं?

केमोदरम्यान यकृताचे रिपोर्ट बिघडले, तर पुढचा डोस लांबू शकतो. काढ्याचं डॉक्टरांना सांगितलंच नसेल, तर कारण शोधणंही अवघड होतं.

मग सगळंच बंद करायचं?

तसं नाही. आमटीतली हळद वेगळी आणि कॅप्सूलमधला हळदीचा अर्क वेगळा. अर्काची मात्रा कितीतरी जास्त असते. शिवाय तो अंगी लागावा म्हणून त्यात अनेकदा मिऱ्याचा अर्क घालतात, आणि त्याचा इतर औषधांवरही परिणाम होऊ शकतो. मळमळीवर आल्याचे प्रयोग झाले आहेत, पण निष्कर्ष संमिश्र आहेत. डॉक्टरांनी दिलेल्या उलटीच्या गोळीला तो पर्याय नाही.

काय करावं?

उपचार पुण्यात असोत वा मुंबईत टाटाला, पुढच्या तपासणीला घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या पिशवीत घालून न्या. काय, किती आणि कधीपासून घेताय, ते सांगा. वैद्यांकडे जात असाल, तर त्यांना केमोचे कागद दाखवा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. त्यांनी रागावण्यापेक्षा त्यांना माहीत नसणं जास्त धोक्याचं आहे.