यूएसबीवर हीटर चालेल का? पेणचा प्रश्न, रोह्याचं उत्तर

जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपी मूर्ती बनवायला परवानगी दिली, पण नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनावर निर्बंध ठेवले. त्यामुळे घरगुती मूर्तीसाठी शाडूकडे पुन्हा लक्ष गेलंय. पेणच्या कारखान्यांपुढे अडचण वेगळीच आहे: ऐन पावसाळ्यात शाडू लवकर वाळत नाही आणि घाईने तापवला तर तडकतो.

मग जुना लॅपटॉप, यूएसबी रिले, सेन्सर आणि हीटर असा जुगाड सुचतो. आता हिशेब बघा. यूएसबी 2.0 पोर्ट देतो 5 व्होल्ट, 0.5 अँपिअर, म्हणजे फक्त 2.5 वॉट. हीटर असतो 2000 वॉटचा. म्हणून यूएसबी फक्त इशारा देतं. 230 व्होल्टचा जवळपास 9 अँपिअर करंट रिलेतून जातो. 10 अँपिअरचा स्वस्त रिले तासन्‌तास चालवला तर तापतो, चिकटतोही.

खरा धोका पुढे आहे. लॅपटॉप हँग झाला की रिले ‘ऑन’च राहू शकतो.

रोह्याजवळ धाटाव एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत. अशा उद्योगांत हीटर सहसा स्वतंत्र कंट्रोलर सांभाळतो. कॉम्प्युटर तापमान बघतो, नोंदी ठेवतो. तो बंद पडला तरी कंट्रोल सुटत नाही.

पेणमध्येही तेच करा. टेम्परेचर कंट्रोलर आणि वेगळा थर्मल कटऑफ लावा, वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. यूएसबी ठेवा नोंदीपुरतं. अख्ख्या सीझनची मेहनत एका हँग झालेल्या लॅपटॉपवर सोडू नका.