गोंधळ कोणाचा?

आमच्या सुशिक्षित वर्गाच्या तोंडी अलीकडे एक तक्रार इतक्या वेळा येऊ लागली आहे की, तिची दखल न घेणे हाच अपराध ठरावा. जिकडे पाहावे तिकडे गोंधळ माजला आहे, अशी ती तक्रार. कवितेत अर्थाचा पत्ता नाही, चित्रात आकाराचा नाही, नाटकात रचनेचा नाही. माणसांची मने विस्कटली आहेत आणि व्यवहारात धरबंद उरलेला नाही. या सर्व गोष्टी एकाच रोगाची लक्षणे मानून त्यांवर 'शिस्त' हे एकच औषध सुचविण्याची चाल पडली आहे. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात ज्यांची हयात गेली, त्या आमच्यासारख्यांनी तरी या तक्रारीस दुजोरा द्यावा, अशी तक्रारदारांची अपेक्षा असते. ती पुरविणे आम्हांस शक्य नाही. आणि का शक्य नाही, ते येथे सांगावयाचे आहे.

प्रथम शब्दच पाहू. ज्याला आपण गोंधळ म्हणतो तो मुळात आहे तरी काय? देवीच्या उपासनेचा तो एक विधी आहे. लग्नमुंजीनंतर कुळाचार म्हणून तो घालतात. चौक भरावयाचा, दिवटी पेटवावयाची, संबळ-तुणतुण्याच्या साथीवर गण म्हणावयाचा, ठिकठिकाणच्या देवतांस त्यांच्या त्यांच्या स्थळांसह नावे घेऊन आमंत्रण द्यावयाचे, मग आख्यान, शेवटी आरती. यातील कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, हे गोंधळ्यास इतके पक्के ठाऊक असते की, आमच्या महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांच्या चालकांनी त्याच्याकडे उमेदवारी करावी. असे असता, मराठी भाषेने अव्यवस्थेस नाव देताना नेमका हाच शब्द उचलला! तमाशाची गोष्ट याहून वेगळी नाही. गण, गवळण, बतावणी, वग हा त्याचा क्रम ठरलेला; परंतु चारचौघांत कोणी लाज सोडून वागला की त्याने 'तमाशा केला' असे आपण म्हणतो. कंटाळवाणे लांबण लावले की ते 'भारूड', आरडाओरड केली की 'शिमगा'. बहुजनांच्या हाती जितकी म्हणून नियमबद्ध कलाविधाने होती, तितक्यांची नावे आपण बेशिस्तीच्या कोशात नोंदवून टाकली. ओसरीवर बसून ऐकणाऱ्यास जो केवळ गलका वाटला, त्याचीच व्याख्या भाषेत रूढ झाली. चौकात उभा राहून म्हणणाऱ्यास कोणी विचारले नाही.

फ्रेंच तत्त्ववेत्ता बर्गसाँ याने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या 'सर्जनशील उत्क्रांती' या ग्रंथात अव्यवस्थेच्या कल्पनेची मोठी मार्मिक चिकित्सा केली आहे. त्याच्या म्हणण्याचे तात्पर्य असे की, निव्वळ अव्यवस्था अशी वस्तू कोणास कधी भेटतच नाही. आपण एका प्रकारच्या व्यवस्थेच्या शोधात असतो, दुसऱ्याच प्रकारची व्यवस्था हाती लागते, आणि आपल्या या निराशेलाच आपण अव्यवस्था असे नाव देतो. पद्याच्या शोधात असलेल्या माणसाच्या हाती गद्य आले, तर 'हे पद्य नव्हे' असे तो म्हणेल. पण त्याने पाहिलेली वस्तू 'अ-पद्य' नसते, ती चांगली धडधाकट गद्यच असते. हा सिद्धान्त सर्वत्र चालतो असे आमचे म्हणणे नाही. तो कोठे अडतो ते पुढे येईलच. परंतु कलेच्या प्रांतात तो जितका लागू पडतो तितका क्वचितच दुसरा एखादा लागू पडत असेल.

दाखला घरचाच घेऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी सरली, भाऊबीज झाली, की येथे गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात. दिवसा दंडार रंगते आणि रात्री नाटक उभे राहते. हा हंगाम पार होळीपर्यंत चालतो. देसाईगंज, म्हणजे वडसा, येथे या नाटकमंडळ्यांचे ठाणे आहे, आणि २०२३ साली परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यामुंबईच्या वृत्तपत्रांसही या रंगभूमीची आठवण झाली. आमच्या तक्रारदार मित्रांचा या नाटकांवर मोठा कटाक्ष आहे. ते म्हणतात, येथे बाप मरतो आणि प्रेत उचलण्यापूर्वीच विनोदी पात्र येऊन गाणे म्हणू लागते. नाटक रात्री दहास सुरू होते ते तांबडे फुटेतो संपत नाही. प्रेक्षक उठतात, चहा पिऊन येतात, पोरे मांडीवर झोपतात. याला नाटक म्हणावयाचे काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस शेक्सपियरने दिला आहे. 'मॅकबेथ'मध्ये राजा डंकनचा खून होतो आणि लगोलग दारू प्यालेला द्वारपाल येऊन बाष्कळ बडबड करू लागतो. व्हॉल्टेअरला शेक्सपियरमधील अशा सरमिसळीत रानटीपणाच दिसला. खुद्द कोलरिजसारख्या रसिकालाही हा द्वारपाल सहन झाला नाही. तो प्रवेश दुसऱ्याच कोणी घुसडला असावा, असे म्हणून त्याने आपली सुटका करून घेतली. १८२३ साली डी क्विन्सीने दारावरील त्या ठोठावण्यावर निबंध लिहिला, तेव्हा कोठे इंग्रजी टीकेस उमजू लागले की, खुनाच्या कोंडलेल्या काळोखात जगाचा नित्य व्यवहार पुन्हा शिरतो तो याच दारातून. आता हे सर्व आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवितो, विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत लिहितात आणि आम्ही त्यांस गुण देतो. मग तोच मृत्यू आणि तेच हसू वडशाच्या मंडळीने साकोलीच्या मैदानात एकापाठोपाठ मांडले, की ते रसिकतेचा खून कसे होते? रात्रभर थंडीत बसावयाचे आहे. धान कापून थकलेल्या माणसास सलग चार तास रडवून चालत नाही, आणि सलग चार तास हसविले तर तो पेंगतो. दुःख आणि थट्टा यांचा हा आलटापालट म्हणजे रात्र निभावून नेण्याचे शास्त्र आहे. एवढे मात्र कबूल केले पाहिजे की, तिकिटाच्या लोभाने काही मंडळ्यांनी नाटकात नाच इतके कोंबले आहेत की नाटक शोधावे लागते. पण ती अव्यवस्था नव्हे. तो व्यापार आहे, आणि तो तर फार शिस्तीने चालतो.

जी गोष्ट झाडीतल्या नाटकाची, तीच मर्ढेकरांच्या कवितेची. १९४७ साली 'काही कविता' प्रसिद्ध झाल्या तेव्हा दुर्बोध, विस्कळीत, अश्लील अशी विशेषणांची रास त्यांवर पडली. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. परंतु तो संग्रह हाती घेऊन कोणी छंद तपासले काय? गिरणीच्या भोंग्याच्या युगातले सारे तुटलेपण या कवीने ओवी-अभंगाच्या, म्हणजे मराठीतल्या सर्वांत जुन्या आणि परिचित साच्यांत घातले होते. आणि आपली सौंदर्यमीमांसा लिहावयास बसला तेव्हा त्याने तिचा पाया लय या एकाच कल्पनेवर घातला. संवाद आणि समतोल यांच्या जोडीला विरोध हादेखील लयीचाच एक प्रकार मानला. ज्याला गोंधळी ठरविले तोच मंडळींमध्ये सर्वांत काटेकोर निघाला, असा हा विनोद आहे.

येथवर आमचे मित्र रागावले असतील; आता विरुद्ध पक्षाने रागवावयाचे. कारण अलीकडे अव्यवस्थेचे उपासकही निर्माण झाले आहेत. मोडतोड हीच प्रतिभा आणि वेड हीच अंतर्दृष्टी, असा त्यांचा डिंडिम आहे. आमच्या भाषेत 'वेड' आणि 'पिसे' हे शब्द भक्तीलाही लागतात, हे त्यांस पुराव्यादाखल फार उपयोगी पडते. ते ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचा दाखलाही देतात. तो दाखला नीट पाहावा. तेराव्या शतकातील हा सत्पुरुष लोकदृष्टीने वेडसर वागत असे. कोठेही शिरावे, काहीही मागावे, मुलांत खेळावे, एकाएकी हसावे, रागवावे. चक्रधरांचे हे गुरू. आणि ज्या चक्रधरांच्या अनुयायांत नीळभट भांडारेकार म्हणजे आमच्या भंडाऱ्याचाही माणूस होता, त्या पंथाच्या म्हाइंभटाने पुढे गोविंदप्रभूंचे चरित्र लिहिले. मराठी गद्य नुकते चालू लागले होते, आणि त्याने पहिल्या काही पावलांतच एका विक्षिप्त माणसाचा दिनक्रम प्रसंगवार, उणे-अधिक न करता नोंदवून ठेवला. या ग्रंथात आम्हांस विलक्षण वाटते ते राऊळांचे वागणे नव्हे, तर गावाचे. गाव त्यांस हसते, त्यांच्यावर चिडते, पण जेवू घालते. त्या वागण्यामागे काही रीत असेल, अशा विश्वासाने पाहणारी माणसे तेथे होती.

म्हणून वेडाचा गौरव करावा काय? मुळीच नाही. ज्याच्या घरात मनोविकाराने ग्रासलेले माणूस आहे, त्यास विचारावे. कानात येणारे आवाज, झोपेचा नाश, आपल्याच माणसांचा संशय, हे भोगणाऱ्यास त्यात काव्य दिसत नाही. त्यास औषध हवे असते, आणि आमच्या खेड्यांत ते मिळण्यापूर्वी भगत, उतारे आणि साखळी या तीन पायऱ्या अजूनही अनेकांस चढाव्या लागतात. त्याच्या यातनांचे रूपक करून कवितासंग्रहास प्रस्तावना लिहिणे हा आमच्या मते एक सभ्य क्रूरपणा आहे. परंतु शिस्तवाल्यांनीही येथे हर्ष मानू नये. १९१२च्या कायद्याने अशा माणसाकडे पाहिले ते मुख्यतः कोंडून ठेवावयाची वस्तू म्हणून; १९८७ साली तो कायदा बदलला; आणि २०१७ साली तिसरा कायदा झाला, तेव्हा कोठे उपचार हा रुग्णाचा हक्क आहे आणि स्वतःविषयी त्याचे काही म्हणणे असू शकते, हे लेखी मान्य झाले. एकशेपाच वर्षे! तेराव्या शतकातल्या ऋद्धिपूरला जे उमगले होते, त्यातील निम्मे कायद्यास उमगावयास इतका काळ लागला.

आता व्यवहाराकडे वळू. आमचा जिल्हा तलावांचा. कोहळी लोकांनी गोंड राजांच्या आश्रयाने बांधलेले हे तलाव उताराच्या ओघाने असे बसविले आहेत की, वरच्याचे सांडलेले पाणी खालच्यास मिळावे आणि वाटेत धानाच्या बांध्या भिजाव्यात. नकाशावर पाहिले तर कोणी मूठभर काचा उधळल्या असे वाटते. १९५० साली मालगुजारीच्या उच्चाटनाचा कायदा झाला, तो योग्यच झाला. परंतु तलावही सरकारजमा झाले, आणि ज्यांचे हात पाळीवर व पाटावर राबत होते त्यांचा संबंध तुटला. 'माजी मालगुजारी' हे नाव तेवढे उरले, त्याचेही लघुरूप 'मामा' झाले, आणि मामांच्या पोटात गाळ साचत गेला. पुढे दुरुस्तीच्या योजना निघाल्या. त्या योजनांच्या दृष्टीस तलावातील वनस्पती म्हणजे कचरा, आणि खोदून काढलेला उघडा खड्डा म्हणजे व्यवस्था. अर्जुनी-मोरगावकडील ढीवरांनी काही तलावांत याच्या उलट केले. बाहेरून आलेले बेशरमाचे रान तेवढे त्यांनी उपटले आणि तलावाच्या मूळच्या पाणवनस्पती वेचून पुन्हा लावल्या. मासळी परतली, पक्षीही परतले. यंत्रास जो एकच हिरवा गोंधळ दिसतो, त्यात कोणत्या झाडाच्या आडोशाने कोणता मासा अंडी घालतो, हे त्यांस ठाऊक होते. दुसरीकडे वैनगंगेवरच्या गोसेखुर्दचा इतिहास पाहावा. १९८३ साली पावणेचारशे कोटींच्या आतबाहेर अंदाज होता, १९८८ साली पायाभरणी झाली, २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, आणि खर्च कित्येक हजार कोटींवर गेला. प्रत्येक टप्प्याचा कागद व्यवस्थित आहे. गावे उठली, माणसे पांगली, तीही व्यवस्थित नोंदवलेली आहेत.

बर्गसाँ अडतो तो येथे. निराश झालेल्या मनाने दिलेले नाव म्हणजे अव्यवस्था, हे खरे. पण जेथे मन निराशच होत नाही, जेथे सर्व काही जागच्या जागी आहे असे वाटते, तेथील अव्यवस्थेस काय म्हणावे? २९ सप्टेंबर २००६ रोजी आमच्याच मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे, अशी चार माणसे गावातील जमावाने ठार केली. त्यानंतर आठवड्यांमागून आठवडे महाराष्ट्राच्या दिनक्रमात काही खंड पडला नाही. नोव्हेंबरात लोक रस्त्यावर उतरले, गाड्या थांबल्या, आणि मग 'कायदा व सुव्यवस्था' हे शब्द सर्वत्र ऐकू येऊ लागले. सप्टेंबरात ते कोणास आठवले नव्हते. २००८ साली भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सहा जणांस फाशी सुनावली, २०१० साली उच्च न्यायालयाने ती रद्द करून पंचवीस वर्षांचा कारावास दिला. आणि पुढे याच गावास शासनाच्या मोहिमेत 'तंटामुक्त गाव' म्हणून पुरस्कारही मिळाला. मराठी भाषेतील 'तंटा' या शब्दाचा अर्थ आम्हांस तोवर समजला आहे असे वाटत होते.

वाङ्मयाच्या अध्यापकाने कविता सोडून या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. आमचा धंदाच शब्दांचा आहे. 'गोंधळ' हा शब्द दंडारीस लागतो, रुग्णास लागतो, शेवाळलेल्या तलावास लागतो, मोर्चास लागतो. पण चार प्रेतांवर पसरलेल्या शांततेस लागत नाही, ही शब्दार्थाचीच चूक आहे, आणि चुका दुरुस्त करण्याबद्दलच आम्हांस वेतन मिळत आले.

राहता राहिला झाडीच्या नाटकाचा वाद. तो लेखणीने मिटेल असे आम्हांस वाटत नाही. येत्या भाऊबीजेनंतर साकोली-लाखनीकडील कोणत्याही गावी मंडई पाहावयास यावे, असे आमच्या तक्रारदार मित्रांस आग्रहाचे आमंत्रण आहे. पडदा दहास उघडतो. घोंगडी आपली आपण आणावी, आणि निदान तिसऱ्या प्रहरापर्यंत उठू नये.