शिकवणाऱ्याला कोण शिकवणार?

आमचे वडील गवंडीकाम करतात. त्यांच्या हाताखाली मैंदर्गीतली कितीतरी पोरे भिंत बांधायला शिकली. त्यामुळे एक गोष्ट मी लहानपणापासून पाहत आलो : चांगला गवंडी चांगला शिकवणारा असतोच असे नाही. काही मिस्त्री पोराच्या हातातली थापी हिसकावून घेतात. वडील त्याच्या हाती ओळंबा देतात आणि म्हणतात, "तूच बघ, कुठं सुटलंय."

हे आठवले ते पुतण्यामुळे. चार वर्षांचा झाला तरी तो नीट बोलेना, म्हणून त्याला वाचा-उपचारासाठी शहरात नेले. एक शिकाऊ विद्यार्थिनी चित्रे दाखवत होती. मांजर पाहून तो 'बेक्कु' म्हणाला. आमच्या घरी कन्नड बोलतात, तेव्हा उत्तर बरोबरच होते. पण तिने फुली मारली. तिच्या पर्यवेक्षक बाई आल्या, दोन मिनिटे मागे उभ्या राहिल्या, पोरासमोरच "आवाज मोठा ठेव" म्हणाल्या आणि सही करून गेल्या. फुली तशीच राहिली. त्या मुलीचा आवाज मात्र आणखीच बारीक झाला.

बाईंना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्या उपचारात निष्णात असतीलही; पण उपचार करायला शिकवणे ही निराळी विद्या आहे. ती त्यांना कुणी शिकवली होती? म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ साली निघाली, मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ साली. या शास्त्राचे विद्यार्थी पुस्तकांइतकेच प्रत्यक्ष रुग्णांसमोर बसून शिकतात, आणि तेही पर्यवेक्षकाच्या नजरेखाली. जीन अँडरसन या अमेरिकन विदुषीने १९८८ च्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे की, पर्यवेक्षकाने सुरुवातीला स्वतः सांगावे, मग हळूहळू हात सैल करावा, आणि शेवटी शिकणाऱ्याला आपले काम आपणच तपासता यावे. ही तर ओळंब्याचीच गोष्ट झाली! तिकडच्या व्यावसायिक संघटनेने २०२० पासून, प्रमाणपत्राचे उमेदवार हाताखाली घेणाऱ्यांना पर्यवेक्षणाचे किमान दोन तासांचे शिक्षण सक्तीचे केले. दोन तास म्हणजे आपल्या तीन तासिकाही नव्हेत. पण नियम तरी झाला.

कुणी म्हणेल, आधी तज्ज्ञच थोडे, त्यांना पुन्हा वर्गात कुठे बसवता? मला वाटते, थोडे आहेत म्हणूनच बसवावे. एकेका पर्यवेक्षकाची सवय त्याच्या सगळ्या विद्यार्थ्यांत उतरते. आणि असे शिबिर आमच्या अक्कलकोट तालुक्यात भरवावे. इथे घरी कन्नड आणि शाळेत मराठी अशी मुले गल्लोगल्ली भेटतील. फुली मारण्यापूर्वी आईला विचारावे, "घरी हा याला काय म्हणतो?" आणि पोर निघून गेल्यावर शिकाऊ मुलीला बाजूला बसवून विचारावे, "तुला काय दिसलं?"

— द्वितीय वर्ष, कला